मधला बाण

शनिवार, संध्याकाळ

आज वीज केंद्राच्या स्टाफनं मलेही मॉलमधल्या बोलिंगले नेलं. म्हणे, रोज आमची बस चालवता, एक दिवस खेळा. जड गोळा हातात देऊन सीमाताई म्हणाल्या, "भाऊ, या ठिपक्यावर उभे राहा. तिकडच्या बाटल्यांकडे पाहू नका, जमिनीवरच्या मधल्या बाणावर नेम धरा."

मले मधले बाण दोन दिसून राहिले होते.

"कोणत्या बाणावर?" म्हटलं, तर सारे हसले. मीही हसलो. काहून हसलो? मग एक डोळा मिटला, बाण एकच झाला, न् साऱ्या बाटल्या पडल्या. काय टाळ्या वाजवल्या!

बायकोले हे दोन-दोन दिसणं सांगितलं नाही. सोमवारी कोराडीच्या रस्त्यानं हेच सारे माझ्या मागं निवांत झोपतील, न् समोरून कोळशाचा ट्रक येईल. कोणत्याले साइड देऊ?