डावीकडची काच

३ फेब्रुवारी, सोमवार

काच खाली आलीच नाही! बटण दाबलं, दारातून घर्र-घर्र झालं, कट्‌कन काहीतरी तुटलं आणि काच जिथल्या तिथं. बाहेर जोतीराम आबा. फाट्यावर, रस्त्याच्या डाव्या कडेला, हात वर करून उभे. मी आतून हात हलवला, हसले, "संध्याकाळी येते आबा," असंही म्हणाले — सगळं बंद काचेच्या आत. त्यात संदेशनं, माझ्या नवऱ्यानं, उन्हासाठी लावलेली ती काळी फिल्म! त्यांना माझा हात तरी दिसला असेल का?

बारामतीच्या सभेला उशीर झाला होता. मागे उसाच्या दोन ट्रॉल्या हॉर्नवर हॉर्न देत होत्या. निघून गेले.

सभा जोरात झाली. उसाच्या वजनकाट्यावर बोलले, हिशेब मागण्याच्या सभासदाच्या हक्कावर बोलले. लोक उठून उभे राहिले. परत येताना घसा बसलेला. आबांच्या वस्तीवर गेले नाही. उद्या जाईन.

४ फेब्रुवारी, मंगळवार

उद्यापर्यंत थांबायला नको होतं.

संदेश सकाळी डेअरीत दूध घालून आला. चहा निम्मा झाल्यावर म्हणाला, "तू आबांसमोरून काच वर ठेवून गेलीस म्हणतात." कोण म्हणतं? तर सगळेच.

आमच्याकडे ही साधी गोष्ट नाही. ओळखीचं माणूस रस्त्यात दिसलं की गाडी हळू करायची, काच खाली घ्यायची, 'काय आबा, कुणीकडं?' विचारायचं. एवढंच. पण ते चुकलं की संपलं. निवडून आलेल्या माणसाला इथं कुणी भ्रष्ट म्हणत नाही — 'त्याची काच आता खाली येत न्हाय' म्हणतात. हेच वाक्य मी व्यासपीठावरून कितीदा फेकलंय! टाळ्या घेतल्यात त्यावर!

आणि वेळ तरी कुठली! साखर कारखान्याच्या संचालक मंडळासाठी इंदापूरच्या निवडणूक कार्यालयात अर्ज भरायची मुदत सोमवारी संपते. आमच्या गटात खुली जागा एकच. अर्जावर गटातल्याच सभासदाची सूचक म्हणून सही लागते. माझ्या नावावर आईचा शेअर आहे, संदेशच्या नावावर काहीच नाही, त्यामुळे तो सही करू शकत नाही. बाकीचे? माझ्या भाषणाला टाळ्या वाजवतील, घरी जेवायला बोलावतील, पण सहीला हात पुढे करणार नाहीत. सत्ताधारी पॅनेलच्या विरोधात सही केली की कारखान्याची ऊसतोडीची टोळी आपल्या फडात शेवटी येते. ऊस वाळतो, वजन घटतं. कुणी धमकी देत नाही, द्यावी लागतच नाही. त्या भीतीविरुद्ध तर मला उभं राहायचंय!

एकटे आबा हो म्हणाले होते. त्यांची सही म्हणजे अख्ख्या वस्तीचा शब्द. त्यांच्या घरच्या प्रयागकाकी अनुमोदक होणार होत्या, त्यांच्याही नावावर शेअर आहे. पण आबांशिवाय त्या पेनला हात लावायच्या नाहीत.

अकरा वाजता वस्तीवर गेले. काकी ओट्यावर शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, आबा झोपल्यात. आतून टीव्हीवर बाजारभाव ऐकू येत होते. मी सगळं सांगितलं — बटण, आवाज, ट्रॉल्या. काकींनी मान वर न करता विचारलं,

"काच बिघडली व्हती. दार बी बिघडलं व्हतं का?"

मी गाडीकडे वळले.

५ फेब्रुवारी, बुधवार

ठरवलं. काच दुरुस्त करायची, फाट्यावर जायचं आणि सगळ्यांदेखत खाली घ्यायची. गावानं वर बघितली, गावानंच खाली बघावी. नुसत्या बोलण्यानं हे फिटणार नाही.

तीन गॅरेज पालथी घातली. गाळप जोरात, सगळे मिस्त्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या खाली आडवे झालेले. एक तर उताणाच पडून म्हणाला, "ताई, म्होरच्या आठवड्यात बघू." पुढच्या आठवड्यात काय चाटायचीय ती काच?

मग घरीच. संदेश म्हणाला, "स्वावलंबनावर तासतासभर बोलतेस. घे आता पाना." घेते की!

बारामतीत भिगवण रस्त्यावरच्या दुकानातून नवी मशीन आणली — काच वर-खाली करणारी पट्टी, तिची तार आणि मोटर, सगळं एकत्र येतं. दुकानदार काहीतरी विचारत होता, तेवढ्यात फोन आला. वजनकाट्याचाच विषय होता. बोलत बोलतच पैसे दिले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळपासून अंगणात. फोनवर व्हिडिओ लावून ठेवलेला. आधी बॅटरीची तार काढली. मग दाराच्या आतल्या कडीमागचा स्क्रू, हाताच्या टेकणीखालचे दोन. मग पत्र्याला चिकटलेलं आतलं कव्हर — ते नुसत्या क्लिपांवर असतं, कडेनं बोटं घालून ओढायचं. कड्‌ कड्‌ आवाज झाला की हाड मोडल्यासारखं वाटतं! दोन क्लिपा खरोखरच मोडल्या. संदेश म्हणाला, "दोन मतं गेली."

त्याच्या आत प्लास्टिकचा पडदा, पडद्याआड भोकं, भोकांतून दिसणारा काचेचा खालचा काठ. काच वरच्या चौकटीला चिकटपट्टीनं बांधली — नाहीतर बोल्ट सुटताच ती दाराच्या पोटात जाऊन फुटायची. बोल्ट मी सोडवले. हात आत कोपरापर्यंत. पत्र्याची धार मनगटाला लागली, रक्त आलं, पण काच हलली नाही. जुनी मशीन वाकडी-तिकडी करत बाहेर काढली. तार सुटून तिचा गुंता झालेला, काच धरून ठेवणारा प्लास्टिकचा घोडा दोन तुकड्यांत.

नवी आत घातली. बसेना. फिरवली, उलटी केली. भोकं जुळेनात. संदेशनं जुनी आणि नवी शेजारी ठेवली. मग मलाही दिसलं. नवीची मोटर भलत्या अंगाला.

उजव्या दाराची आणलीय! दुकानदार हेच विचारत होता. मी फोनवर लोकशाही वाचवत होते आणि त्याला हो म्हणून मोकळी झाले.

अंगणात उघडी गाडी, दाराचं कव्हर पेरूच्या झाडाला टेकवलेलं, काच चिकटपट्टीवर लोंबकळतीय. एवढ्यात संदेशला फोन — पॅनेलवाल्यांचा उमेदवार दुपारी आबांच्या वस्तीवर जाऊन आला. नवीकोरी पांढरी गाडी. चारही काचा खाली!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानदार लग्नाला गेलाय. शटरवर नुसता मोबाइल नंबर, तोही बंद.

८ फेब्रुवारी, शनिवार

डावी मिळाली! या वेळी मी त्याला तीनदा सांगितलं, तो हसायला लागला.

बसवताना संदेशशी भांडण झालं. तो म्हणत होता, सगळे बोल्ट आधी सैल ठेव, काच खोबणीत सरळ बसू दे, मग आवळ. मी पहिलाच गच्च आवळला. काच तिरकी झाली, निम्म्यावर अडकली. माझा हात बटणावर, पुन्हा पुन्हा दाबतीय. तो ओरडला, "अगं सोड! तुझ्या जोरावर नाही चालत ती!" चार दिवसांत पहिल्यांदा ओरडला.

सैल केले. पुन्हा सुरुवात. त्यानं दोन्ही तळव्यांत काच धरली, मी एक-एक बोल्ट थोडा थोडा आवळत गेले. कव्हर लावण्याआधी बटण दाबलं.

खाली. वर. खाली.

मी अंगणात बसकणच मारली. संदेश म्हणाला, "आबा सही देवोत न देवोत, ही काच आता आपली."

देवोत न देवोत असं कसं? सही मिळाली नाही तर सोमवारी पॅनेलचा माणूस बिनविरोध. पाच वर्षं मी बोलतीय ते सगळं हवेत. लोक म्हणणार — एक सूचक मिळाला न्हाय हिला!

९ फेब्रुवारी, रविवार

फाट्यावर गेले. सकाळची वेळ, चहाच्या टपरीवर दहा-बाराजण. आबा बाकड्याच्या कडेला. गाडी त्यांच्या पुढ्यात नेली, काच पूर्ण खाली घेतली. शिवाय दार उघडून खाली उतरले. पाया पडले. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

आबा म्हणाले, "बाईसाहेब, तुमी कशाला तरास घेतला?"

बाईसाहेब! तुमी! लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेत नेलेल्या पोरीला!

पण गाडीत बसले. कालव्याकडे घे म्हणाले. तिथं पाटाच्या कडेला गाडी लावली आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. हळू बोलतात ते, मध्ये थांबतात. मला ते थांबणं भरून काढायची घाई होते. आज जीभ दाताखाली धरून बसले.

म्हणाले, गेल्या प्रत्येक निवडणुकीत कुणाचा ना कुणाचा सूचक झालो. सगळे आधी घरी आले, पिठलं-भाकरी खाऊन गेले. मग —

"निवडून येस्तवर काच खाली. आल्यावर वर. तुझी तर आदीच वर गेली, माधवी."

'माधवी' म्हणाले, एवढंच मला ऐकू आलं. मग मात्र राहवलं नाही. भडकलेच. म्हटलं, आबा, मग सही देताच कशाला? काटा कुठं मारतात तुम्हाला माहीत, कुणाची टोळी कशी वळवतात तुम्हाला माहीत, भीती तर तुम्हाला कधी नव्हतीच. जन्मभर दुसऱ्याच्या नावाखाली सही करत बसलात आणि त्याची काच वर गेली म्हणून रुसलात! तुम्हाला उभं राहायला कुणी अडवलं होतं?

"मला बोलता कुटं येतं?"

"संचालकाला बोलता यावं लागत नाही, आबा. नाही म्हणता यावं लागतं."

मग सुटलेच. जुन्या ग्रीक नगरांत चिठ्ठ्या टाकून साध्या माणसांना पदावर बसवत ते सांगितलं. सहकार कुणी उभारला ते सांगितलं — भाषणं करणाऱ्यांनी नाही, बैल विकून शेअर घेणाऱ्यांनी. गाडीत एकच श्रोता, पण इतकं चांगलं मी बारामतीतसुद्धा बोलले नव्हते. खरं वाटत होतं म्हणून बोलत होते. सहीचं तर विसरूनच गेले.

आबा पाटाच्या पाण्याकडे बघत बसले. मग स्वतःच बटण दाबून काच वर केली, खाली केली. "चांगली बशिवली," म्हणाले. वस्तीवर उतरताना एवढंच — "उद्या अकराला इंदापुरात हापिसात येतो. काकीला बी आणतो."

येणार! संदेशला लगेच फोन करून सांगितलं. अर्ज दोनदा तपासला. सूचकाची ओळ तेवढी रिकामी.

१० फेब्रुवारी, सोमवार

आबा आले. इस्त्रीचा सदरा, काकी बरोबर. मी माझा अर्ज पुढे केला. त्यांनी तो बघितलाही नाही. पिशवीतून स्वतःचा काढला. उमेदवार — जोतीराम आबा. अनुमोदक म्हणून काकींची वळणदार सही. सूचकाची ओळ रिकामी.

"रातभर इचार केला," म्हणाले. "तू म्हणालीस ते पटलं. कर सही."

तीनपर्यंत वेळ होता. मी सव्वा अकराला केली.