हळदीच्या कढईतले दगड

१९ फेब्रुवारी
आलो एकदाचा केनवडले! धनजजवळच्या आमच्या तांड्यापासून हे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. आधी एसटी, मालेगावहून काळीपिवळी, शेवटी एका फटफटीवर मांगं. माहं बूड एका जागी टिकत नाही, हे बाप सांगतच असते. ठाण्याले शोभेच्या माशांच्या दुकानात काचा पुसायचो, तेबी सोडलं होतं. चौथीच शिकलो, पण अक्षर बरं हाय, म्हणून ही वही.

काम मस्त हाय. इंद्रभान पाटलाच्या मळ्यातल्या घरात भिंतीएवढी खाऱ्या पाण्याची टाकी, ती सांभाळाची. समुद्र कुठं आन् केनवड कुठं! आत निळा उजेड, केशरी मासे, दगडांवर जिती फुलं, सदऱ्याच्या बटणासारखी गोल, मधोमध बारीक तोंड. हात नेला की मिटतात. पाटलाचा पोरगा हरीओम जहाजावर नोकरीले हाय, हा शौक त्याचा. घरी त्याची बायको वैजयंतीवहिनी आन् पहिलीतली पोरगी संस्कृती. पोरगी म्हणे, दादा, बटणं तुले भेऊन राह्यली. म्या म्हटलं, मीबी त्यायले भेतो. लय हासली.

२३ फेब्रुवारी
टाकीतल्या वाळूवर तपकिरी साय आली. हरीओमभाऊले फोटो टाकले. जहाजावर रेंज येते-जाते, संध्याकाळी फोनवर त्याच्या आवाजाचा मेसेज आला. निळा लाईट बंद कर, पांढऱ्यात पाहा, म्हणे. हिरवं केसावानी असंल तं टाकीतल्या गोगलगायी खातीन. लाल चादरीवानी निघालं तं नळीनं ओढून घे. पण तपकिरी शेंबडासारख्या तारा आन् टोकाले बुडबुडे असतीन, तं ते शेवाळ वाईट. पाणी बदलू नको, नव्या पाण्यावर ते अजून माजते.

पांढरा लाईट लावला. ताराच होत्या. एकेकीच्या टोकाले बुडबुडा, कोणी श्वास सोडून धरल्यावानी.

पारख कराची रीतबी त्यानं सांगितली. थोडं बाटलीत घेतलं, हलवून हलवून पार मोडलं, पाणी चहावानी झालं. बाटली उन्हात ठेवून हळद खणणाऱ्या बायांसंगं चहा प्यालो. येऊन पाहतो तं सगळं पुन्हा एकमेकाले धरून बसलेलं. तार तयार. टोकाले बुडबुडाबी.

२६ फेब्रुवारी
गोगलगायी मेल्या. शंखातून लोंबत होत्या. त्यायनं ते खाल्लं होतं. नळीनं काढलेला शेंबूड म्या नालीत टाकला, तिथं कोंबड्या टोचत होत्या. त्याबी मेल्या. वहिनी म्हणे, तुह्या पायगुणानं मेल्या. पाटील म्हणे, ठाण्याले काचा पुसत होता का नुसती हवा खात होता? बाया फिदीफिदी हासल्या.

राती ते वाळूत जाते, काच साफ होते. उजाडलं की वर येते. भूत अंधारात येते, असं आयकलं होतं. हे उजेडात येते, लोकांसमोर, चहाच्या टाईमले.

१ मार्च
भाऊनं सांगितल्यावरून लाईट बंद करून टाकीले गोधड्या बांधल्या. अंधारात ते उपाशी मरते म्हणे. वहिनीले आवडलं नाही. घरात मुडदा झाकल्यावानी कायले झाकलं, म्हणे.

२ मार्च
पाटलानं गोधड्या ओढून फेकल्या. परवा पाहुणे येणार हाये, त्यायले टाकी चकचकीत पायजे. म्या सांगतलं, भाऊ अंधारच ठेव म्हणते. तं म्हणे, मालक कोण, तो का मी? आंगणात हळद शिजवाची कढई पेटलीच हाय. दगड काढ आन् टाक तिच्यात. उकळत्या पाण्यात कोणतं शेवाळ जगते, मीबी पाहतो.

भाऊले मेसेज केला. पोचला नाही.

३ मार्च
टाकले. बटणांसकट.

उकळीत ती मिटाले पायजे होती. उघडली. सगळीच. पिवळ्या पाण्यात मधली तोंडं वर करून.

वाफ लय होती. वास फक्त हळदीचा. संस्कृती कढईपाशी उभी, तोंड पुढं करून वाफ घेत होती. गंमत वाटली तिले. म्या म्हटलं, सरक. पाटील म्हणे, राहू दे, हळदीची वाफ चांगली असते.

३ मार्च, दिवेलागण
तोंड कडू. ओठ माहे नाहीत असे. थंडी वाजून राह्यली. चुलाणावरची बाई ओकली. पोरगी रडत नाही, नुसती धापते. वहिनी तिले गाडीत घालून वाशिमले गेली.

४ मार्च
माहा मेसेज आता पोचला वाटते, भाऊच्या आवाजाचा मेसेज आला. ओरडत होता. बटणांत जहर असते. उकळू नका. वाफ कोणाच्या छातीत गेली तं डॉक्टरले लगेच सांगा, नाहीतर—

पाटील मांगं उभा होता. त्यानंबी आयकलं. फोन हिसकला. कानाखाली मारली. दगड तूच टाकले, म्हणे. माहं नाव काढशील तं जित्ता जाणार नाही. डॉक्टर म्हणते फवारणीचं औषध पोटात गेलं, त्याचाच इलाज चालू हाय, तेच खरं.

टाकीच्या खोलीत कोंडलं. दाराबाहेर भिवाजी गडी बसवला.

४ मार्च, दुपार
ओरडतो. आवाज निघत नाही. जीभ लाकूड झाली.

पोरगी तिकडं चुकीच्या औषधावर हाय. भाऊले वाटते दगड अजून उकळलेच नाहीत. पाटलाले सोडून खरं फक्त मले ठाव—

छातीवर कोणी बसलं हाय.

पान फाडून लिहिलं. दाराच्या फटीतून सरकवलं. भिवाजीनं उचललं. पावलं गेली.

पावलं आली. पाटलाचे जोडे.

पानाचे तुकडे फटीतून आत आले.

दुसरं लिहितो. खिडकीतून टाकतो, कोणी बाई उचलंल.

डॉक्टर साहेब फवारणी नाही. दगड उकळले. त्याची वाफ पोरीच्या छातीत. हरीओमभाऊले इचारा. पोरीले ते औषध देऊ नका, तिले