करीच्या दिवशीचा जन्म

मी, अमृतराव बळवंतराव औंढेकर, वय वर्षे सत्तावन्न, धंदा वार्ताहरकी व त्याआधी मास्तरकी, राहणार आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा परभणी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाखाली न येता, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवीत आहे. शुद्धीबद्दल माझ्या पत्नीचे मत थोडे निराळे आहे. ते तिने हवे तर निराळ्या कागदावर लिहावे. गेल्या माघात छातीत कळ आली तेव्हा डॉक्टरांनी जिने चढू नका असे बजावले. आमच्या घराला जिना नाही, तेव्हा सल्ला तंतोतंत पाळला जात आहे. तरी देह नश्वर आहे असे लहानपणी पाठशाळेत घोकले होते. ते आता उपयोगी पडेलसे दिसते.

कलम १. बाजारपेठेमागचे दोन खणांचे घर, परसातली विहीर व लिंबाचे झाड ही सर्व माझी पत्नी सौ. पद्माबाई हिला. तिने चौतीस वर्षे माझे श्लोक ऐकले आणि एकदाच विचारले, "ह्यात भाजीचं काय आणायचं ते हाय का कुठं?" पोस्टातली शिल्लकही तिचीच. ती पाहून तिला हसू येईल, त्याबद्दल आगाऊ क्षमा मागतो. माझ्यामागे तिने पांढरे लुगडे नेसू नये. हिरवे तिला शोभते. हे मी जिवंतपणी सांगायला हवे होते, पण आमच्या घरात असले बोलण्याची पद्धत नव्हती.

कलम २. सायकल, हवा भरण्याच्या पंपासह, माझे मेहुणे तातेराव, राहणार कुरुंदा, यांना. एकोणीसशे एकोणसाठ साली त्यांनी माझी जुन्या पंचांगांची पेटी "दाजी, चार दिवसांत आणून देतो" म्हणून नेली. एकोणीस वर्षे झाली, त्यांचे चार दिवस अजून संपलेले नाहीत. त्याबद्दल राग धरून होतो. तो राग का सोडला ते कलम ५ मध्ये येईल. पंप मात्र पद्माबाईने मागितल्यावर त्यांनी परत द्यावा, म्हणजे तिला करमणूक होईल.

कलम ३. माझी कात्री, ज्या दैनिकाला मी एकवीस वर्षे एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती पाकिटातून बातम्या धाडल्या, तेथील उपसंपादकांना. त्यांची स्वतःची कात्री माझ्या मजकुरावर चालवून बोथट झाली असेल.

कलम ४. संस्कृत ग्रंथ, ओले न झालेले तेवढे, औंढ्याच्या पाठशाळेस. ओले झालेले माझ्यासोबत जाळले तरी चालतील. त्यांना अर्थ लावणारा तिकडेही कोणी लागेलच.

कलम ५. आता मुख्य मालमत्ता. ही म्हणजे एक रजिस्टर. पाने तीनशे सहासष्ट. लीप वर्षाचे पानही सोडलेले नाही. वर्षाच्या प्रत्येक दिवशी जगात कुठे कुठे कोणते लेखक जन्माला आले याची ही नोंद आहे. मास्तरकी सोडून वार्ताहर झालो तेव्हा दैनिकाला रिकामी जागा भरायला दोन ओळी हव्या असत. त्यासाठी मी हे गोळा करू लागलो. पुढे नाद लागला. एकाच तारखेच्या पानावर इराणचा शायर, आपल्याकडचा नाटककार आणि रशियाचा कोणी कादंबरीवाला शेजारी शेजारी बसलेले पाहिले की पंगत वाढल्याचा आनंद होई. शतके निराळी, भाषा निराळ्या, पान एक. आणीबाणीत बातम्या छापवेनात तेव्हा ह्याच दोन ओळींना मोठा टाईप मिळू लागला. जन्म घेण्यावर सरकारची हरकत नव्हती.

रजिस्टरची बांधणी माझे मित्र इस्माईल, वल्द चाँद पाशा, जिल्दसाज, यांची. तीन वेळा त्यांनी ते उसवून पुन्हा शिवले आणि तिन्ही वेळा कारण एकच होते. एक जूनचे पान. बाकीच्या पानांवर चार, पाच, फार तर नऊ नावे. एक जूनला सात पुरवण्या जोडाव्या लागल्या. इस्माईल म्हणाले, "पंडतजी, इस एक जून ने मेरी सुई तोड डाली. उस दिन क्या आसमान से लेखक बरसते थे?"

आसमानातून नव्हे. शाळेच्या दाखल्यातून. इंग्रजांचा एक राजकवी तेवढा खरोखर एक जूनला जन्मला. त्या पानावरचे बाकीचे सारे, आपल्याकडचे कवी, शाहीर, ग्रामीण कथाकार, ही हेडमास्तरांच्या टाकाची अपत्ये. पोराला शाळेत आणले, जन्मतारीख माहीत नाही, शाळा जूनमध्ये उघडते, लिही एक जून. गावोगावी असेच चाले. असे लिहिणाऱ्या मास्तरांत मीही होतो. हे मी आजवर गंमत म्हणून सांगत आलो. आता गंमत म्हणून सांगत नाही.

एकोणीसशे पंचावन्नच्या जूनमध्ये, पहिलीच्या वर्गात, माझ्यासमोर त्रेचाळीस मुले होती. त्यात जनकाबाई या मजुरी करणाऱ्या बाईचा मुलगा सटवाजी होता. मी विचारले, "कधीचा जन्म?" ती म्हणाली, "करीचा, गुरुजी." मी टाक वर न उचलता म्हणालो, "कर? कर तर तहसीलदार घेतात, बाई. ही शाळा आहे." सगळे हसले. मीही हसलो. मी लिहिले, एक जून एकोणीसशे अठ्ठेचाळीस.

कर या शब्दाचे अर्थ मला पाठ आहेत. हात, किरण, हत्तीची सोंड, सरकारी देणे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला कर म्हणतात हेही मला ठाऊक होते, कारण आमच्या आईने त्या दिवशी मला कधी प्रवासाला निघू दिले नाही. तेव्हा अज्ञान ही सबब मला मिळत नाही. माझ्या स्वतःच्या पत्रिकेत सूर्योदयापासून गेलेल्या घटका आणि पळेसुद्धा लिहिलेली आहेत. कोणीतरी घटिकापात्र पाण्यात सोडून बसले होते. सटवाजीला मी टाक दौतीत बुडवण्याइतका वेळ दिला.

सटवाजी पुढे कविता लिहू लागला. आधी मला दाखवी. मी ऱ्हस्वदीर्घ सुधारी आणि तो ते पुन्हा चुकीचे करी, कारण त्याच्या कानाला तेच बरोबर लागे. बहुधा त्याचेच खरे होते. एकोणीसशे त्र्याहत्तरमध्ये एका साहित्यसंस्थेने पंचवीस वर्षांच्या आतील कवीच्या पहिल्या संग्रहाला बक्षीस जाहीर केले. बक्षीस म्हणजे पुस्तक छापून मिळणार. तीस जूनला पंचवीस पुरी झालेली नसावीत, अशी अट. त्याची वही मीच पाठवली, माझ्या पत्त्यावरून, सोबत मीच कधीकाळी भरलेल्या दाखल्याची नक्कल. वही परत आली. कविता पसंत होत्या असे पत्रात लिहिले होते. कवी एकोणतीस दिवसांनी मोठा होता. संस्थेचे नाव गाळतो. चूक तिची नव्हती.

सटवाजी दारात आला. बसला नाही. म्हणाला, "गुरुजी, माझी तारीख कुठून आणली तुमी?"

मी म्हणालो, "अरे, आपल्या महाकवींचा जन्मदिवस तरी कुणाला ठाऊक आहे? तू मोठ्या पंगतीत बसलास."

आयुष्यात मी बरेच विनोद केले. त्यांतला हा एक परत घेता आला तर बाकीचे सगळे देऊन टाकीन.

तो म्हणाला, "त्यांच्या मायला कुनी इचारलं का न्हाई मला ठाऊक न्हाई. माझी माय तुमच्या म्होरं हुबी व्हती. तिनं सांगितलं बी व्हतं. तुमी हसले." आणि गेला. वही नेली नाही. पाच वर्षे तो आमच्या दारात आलेला नाही. वारंगा फाट्यावर तो ट्रकांवर अक्षरे रंगवतो. नंबर, मालकाचे नाव, आणि मालकाने हरकत घेतली नाही तर मागच्या फळीवर स्वतःची एखादी ओळ. माझ्या बातम्या पाचव्या पानापलीकडे गेल्या नाहीत. त्याच्या ओळी नागपूरपासून हैदराबादपर्यंत धावतात. रस्त्यावरून ट्रक गेला की मी उठून फळी वाचतो. पद्माबाई म्हणते, "पोराला भेटायचं सोडून ट्रकाला काहून भेटून राहिले?"

छातीत कळ आल्यावर मी जनकाबाईंच्या घरी गेलो. त्या निवडायला ज्वारी घेऊन बसल्या होत्या. मी म्हणालो, "बाई, सटवाजीचा जन्म कधीचा?"

त्यांनी सूप खाली ठेवले. "तेवीस सालानं इचारून राहिले, गुरुजी?"

"व्हय."

"मंग लिवून घ्या. पोळ्याच्या करीचा. पहाटं, कोंबडा वरडला तवा. त्या साली पोळा भरलाच न्हाई. रझाकाराचं भेव. बैलाच्या शिंगाला कुनी रंग लावला न्हाई, घुंगरू बांधलं न्हाई, आवाज व्हईल म्हनून. फौज येऊन निजामाचं राज गेलं तवा माझं लेकरू दोन हप्त्याचं बी न्हवतं. आनखी काय सांगू?"

आणखी काही लागत नव्हते. एवढी चोख नोंद माझ्या कोणत्याही बातमीत नसे. फक्त त्या वर्षीचे पंचांग हवे होते आणि ते कुरुंद्याला तातेरावांच्या हळदीच्या कोठीत होते. मी गेलो. तातेराव म्हणाले, "दाजी, मी म्हनलंच व्हतं, आनून देतो. तुमीच घाई केली." शके अठराशे सत्तरचे पंचांग निघाले, पिवळे आणि सुगंधी, एकही पान न फाटलेले. माझ्या घरी ते केव्हाच पावसात गेले असते. म्हणून राग सोडला.

श्रावणी अमावास्या शुक्रवारी. कर शनिवारी. म्हणून मी येथे लिहितो व त्याखाली सही करतो की, सटवाजी, आईचे नाव जनकाबाई, याचा खरा जन्म भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, शके १८७०, शनिवार, दिनांक ४ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे झाला. शाळेच्या दप्तरातील तारीख मी लिहिलेली आहे व ती खोटी आहे. शाळेचे दप्तर आता बदलणार नाही असे मला दोन कचेऱ्यांतून सांगण्यात आले. पण मृत्युपत्र कळमनुरीच्या दुय्यम निबंधकांकडे नोंदवता येते, त्यावर शिक्का बसतो, ते सरकारी कपाटात राहते आणि त्यातला मजकूर कोणी खोडू शकत नाही. मरण जवळ आले म्हणून मी हा कागद करीत आहे असे कोणाला वाटेल. मला सरकारी कपाटात शिरण्याची हीच एक वाट सापडली.

सदर रजिस्टर मी सटवाजीला देतो. चार सप्टेंबरचे पान मी तारीख कळल्यावर उघडले. त्यावर फ्रान्सचा एक उमराव आहे, ज्याने आपल्या आठवणी आपण मेल्यावरच छापा असे बजावले होते. माझ्यासारख्याला तो जवळचा वाटतो. आणि त्याच्याखाली अमेरिकेतला एक काळा कादंबरीकार आहे, ज्याचे आजे-आज्या गुलामीत जन्मले. हे नाव मी पंधरा वर्षांपूर्वी लिहिले आणि शेजारी कोण येणार याची मला कल्पना नव्हती. त्याच्याखालची ओळ मी कोरी ठेवली आहे. तिथे सटवाजीचे नाव मी लिहिणार नाही. माझ्या हाताने त्याची एक तारीख लिहून झाली आहे. त्याने स्वतःच्या अक्षरात रंगवावे, ट्रकावर रंगवतो तसे, सावली देऊन.

रजिस्टरसोबत एक काम येते. एक जूनच्या पानावरच्या ज्या लेखकांच्या आया अजून हयात आहेत, त्यांना जाऊन विचारावे. त्या सांगतील ते हसल्याविना लिहून घ्यावे आणि नाव आपल्या पानावर हलवावे. शेवटी तिथे इंग्रजांचा राजकवी एकटा उरला तरी त्याची गैरसोय होणार नाही.

कवितांची वही मी देत नाही, परत करतो. ती त्याचीच आहे. इस्माईल यांनी तिला कापडी बांधणी केली आहे व मजुरी विचारली तर "मेरेकू पढने दिया ना" म्हणाले.

सटवाजी हे घेईल की नाही, मला ठाऊक नाही. न घेतल्यास रजिस्टर व वही जनकाबाईंच्या घरी ठेवावी. त्याच्यावर जबरदस्ती करू नये, आणि मी किती चांगला होतो हे कोणी त्याला सांगू नये. इतर कोणाही वारसाचा या दोन वस्तूंवर हक्क नाही.

कलम ६. माझ्या तेराव्याला भाषणे नकोत. जिलबी असावी. तातेरावांना दोनदा वाढावी.

याप्रमाणे लिहिले ते राजीखुशीने. खाडाखोड दोन ठिकाणी, दोन्ही व्याकरणाच्या.

मुक्काम आखाडा बाळापूर, सोमवार, दिनांक ४ सप्टेंबर १९७८, भाद्रपद शुद्ध २, शके १९००.

सही: अमृतराव बळवंतराव औंढेकर

साक्षीदार

१. इस्माईल, वल्द चाँद पाशा, जिल्दसाज, राहणार आखाडा बाळापूर. सही उर्दूत.

२. जनकाबाई, राहणार आखाडा बाळापूर. निशाणी डाव्या करांगुष्ठाची.

साक्षीदार क्रमांक २ यांना सर्व मजकूर वाचून दाखविला. त्यांनी जन्मतारखेचा मजकूर पुन्हा वाचण्यास सांगितले. पुन्हा वाचण्यापूर्वी त्यांनी बाहेर सायकल धरून उभ्या असलेल्या आपल्या मुलास, "भाईर काहून हुबा ऱ्हायला, आत ये, तुझं वाचून राहिले," असे म्हणून बोलावले. तो आत आला व बसला. मजकूर त्याच्यासमक्ष दुसऱ्यांदा वाचला. जनकाबाईंनी "बराबर हाय" असे सांगून अंगठा केला.