उष्ट्याचा प्रयोग

८ ऑगस्ट १९९६, रोहा
भात खाली लागला. तसाच खाल्ला. ताट घासून पालथं घातलं. स्वतःचं ताट स्वतः घासायचं, हा नियम लग्नाच्या तिसऱ्या वर्षापासून. त्याआधी कुमुद माझ्याच ताटात, माझ्या मागून जेवायची. ते मी बंद केलं. गुलामीची खूण म्हणालो. आजही तेच म्हणेन.
ती हमरापूरला, भावाच्या गणपतींच्या कारखान्यात. शेजारी विचारतात, तेव्हा सांगतो, सीझन आहे. खोटं नाही. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी दरवर्षी तीच करते. पण दरवर्षी जुलैत जाते. यंदा मे महिन्यातच गेली.

१२ ऑगस्ट
बारावीला पिष्ट, म्हणजे स्टार्च, आणि सेल्युलोज शिकवलं. दोन्ही ग्लुकोजचेच मणी ओवलेल्या माळा. फरक एवढाच की मण्यामण्यातला जोड वेगळ्या बाजूला वळलेला. एक माळ म्हणजे तांदूळ, दुसरी म्हणजे पेंढा. पहिलीचा जोड आपल्याला तोडता येतो, दुसरीचा येत नाही.
"म्हणजे बैल आपल्यापेक्षा हुशार," मंगेश म्हणाला. निडी गावचा, शेतकऱ्याघरचा, आगाऊ.
मागून वनिता, खाडीकडची, "तुज्यापेक्षा तर नक्कीच."
वर्ग हसला, मीही. ते काम बैलाच्या पोटातले जंतू करतात, हे सांगायचं राहून गेलं. उद्या.
मराठीतून शिकवतो म्हणून प्राचार्यांची पुन्हा चिठ्ठी. फाडली.
दिवसभर पाच तास बोललो. घरी आल्यावर दूधवाल्याशी एकच शब्द, "अर्धा." मग काही नाही.

२० ऑगस्ट
प्रॅक्टिकल झालं नाही. दोष कुणाचा, लिहून बघतो.
भाताच्या पेजेवर आयोडीन टाकलं की निळं होतं. पेजेत लाळ मिसळून थोडा वेळ ठेवली की लाळेतलं विकर, म्हणजे एन्झाइम, पिष्ट तोडतं, मग निळं होत नाही. एवढाच प्रयोग. काम जोडीनं. वनिता नळीत थुंकली, नळी मंगेशपुढे केली. त्यानं हात मागे घेतला. "उष्टं हाय. आजी घरात घ्यायची नाय."
मी टेबलावर मूठ आपटली. उष्टं म्हणजे काय, कुणाचं चालतं, कुणाचं नाही, हे कुणी ठरवलं? वनिताला उभं केलं. म्हणालो, "हिच्याकडे बघा. मिठागरात राबणाऱ्याची मुलगी. हिच्या लाळेतलं विकर आणि तुमच्या लाळेतलं विकर, दाखवा मला फरक!" खिडकीशी दुसऱ्या वर्गातली मुलं जमली. टाळ्या.
चाळीस मिनिटं. घंटा झाली.
लॅब अटेंडंट म्हणाले, "सर, पेज गार झाली. टाकून देऊ?"

२६ ऑगस्ट
त्या दिवसापासून वनिता आलेली नाही. तिच्या गावातून विज्ञान घेतलेली पहिली मुलगी. मंगेशला विचारलं, तर पायाकडे बघत उभा.
भाषण चांगलं झालं होतं. तेच तर...

२ सप्टेंबर
वनिता आली. स्टाफरूमच्या दारात, आत नाही.
"सर, तो नळी धरनारच होता. मस्करी करत होता. तुमी मधीच बोलायला लागलात."
"मी तुझ्या बाजूनं बोललो."
"व्हय. पन मला इचारलं नाय. आता कॉलेजभर मी मिठागरवाली. आदी नुसती वनिता होते."
तिला बस म्हणायचंही सुचलं नाही. जाता जाता म्हणाली, "प्रयोग घ्या ना सर. बोलू नका. नुसता घ्या."

संध्याकाळी. लिहायचं टाळत होतो, लिहितो.
मे महिन्यातली पेणची व्याख्यानमाला. मैदान भरलेलं. कुमुद तिसऱ्या रांगेत. मी सांगितलं, माझी बायको माझ्या उष्ट्या ताटात जेवायची, मी तिला त्यातून सोडवलं. टाळ्या थांबेनात. माणसं वळून वळून तिच्याकडे बघत होती. मला वाटलं, कौतुकानं बघतायत.
परतताना एसटीत ती एकच बोलली. "ताट माझं होतं. ते तुम्ही माईकवर कशाला वाढलंत?"
दुसऱ्या दिवशी पिशवी भरली.
चार महिने मी त्याला हळवेपणा म्हणत होतो.

४ सप्टेंबर
प्रॅ. घेतलं. मोजून सहा वाक्यं बोललो.
नळी मंगेशनं धरली. "किती थुकलीस गो, खाडी भरली."
"तुज्या मेंदूला पुरंल तेवढी हाय."
निळं गेलं. सगळे एका नळीवर वाकलेले. मी खिडकीशी उभा. माझी गरज कुणाला नव्हती. हे चांगलंच, असं घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होतो.

१६ सप्टेंबर
गणेशचतुर्थी. आळीत घरोघरी आरत्या. माझ्याकडे मूर्ती नसते. तत्त्व.
शेजारच्या काकूंनी मोदकांना बोलावलं. त्यांची मूर्ती हमरापूरची. डावी भुवई शेवटाला किंचित खाली उतरलेली. कुमुदचाच हात. कितीतरी वेळ बघत बसलो. काकू सुनेला हळूच म्हणाल्या, "सर सुधारले गो." मी खोडून काढलं नाही.

२० सप्टेंबर
सीझन संपला. ती आली नाही. भावाकडे फोन केला. तोच बोलला, "भावोजी, नवरात्राच्या देवी हायेत. मग पुढच्या वर्षीचं काम निघंल." म्हणजे सीझन संपतच नाही.
पत्र लिहायला घेतलं. तिसऱ्याच ओळीत "समाजाने" आलं. फाडलं. दुसऱ्या पत्रात "आपण साऱ्यांनी". तेही फाडलं. माझ्या तोंडी एका माणसासाठी वाक्यच नाही. कपाटभर पुस्तकं आहेत, त्यांतही मिळेना.

२९ सप्टेंबर, रविवार
पेण स्टँडवर लिहितोय. रोह्याची गाडी लागायची आहे.
सकाळी हमरापूरला गेलो. वाक्य सापडलं नव्हतंच. खिशात आयोडीनची बाटली घेतली होती.
कारखान्यात देवींची रांग, अजून डोळे न आखलेल्या. कुमुद पाटावर, हातात बारीक ब्रश. वर न बघता म्हणाली, "भाषण असेल तर दादा घरी आहे, त्याला ऐकवा."
"भाषण नाही. वाटीभर पेज हवी होती."
तेव्हा तिनं वर बघितलं.
तिनं पेज आणून दिली. काय करायचं ते मी सांगितलं. वाटी तोंडाशी नेली, तर तोंड कोरडं ठणठणीत. हजार माणसांपुढे असं कधी झालं नाही. ती हसली. "द्या इकडे." आणि स्वतः थुंकली वाटीत.
वाटी मी हातात धरली. दोन-दोन मिनिटांनी एक थेंब बशीवर, त्यावर आयोडीन. निळा. निळा. मग रंग तीच सांगत गेली, "जांभळा. हा गेरूसारखा." शेवटचा थेंब नुसत्या आयोडीनच्या रंगाचा. "पितांबराचा पिवळा," म्हणाली.
मध्येच तीच बोलली, ब्रश धुता धुता. "तुम्ही दिवसभर गावाचे. ताटात उरलेलं तेवढं माझ्या वाट्याला यायचं. ते बंद झालं. गुलामी होती का काय होतं, मला विचारायचं होतंत."
उत्तर माझ्याकडे होतं. मुद्देसूद होतं. दिलं नाही.
"चुकलं," म्हणालो. एवढंच निघालं.
तिनं धुतलेला ब्रश पुसला. कधी येतेस, हे मी विचारलं नाही. सात देवींचे डोळे बाकी होते.
निघताना सवयीनं वाटी-बशी उचलली, नळाकडे वळलो.
"ठेवा ती. मी धुते."
नळ चार पावलांवर. उभा राहिलो. मग दोन्ही तिच्या हातात दिली.
वाटी तिनं धुतली. बशी धुतली नाही. थेंबांच्या रंगांसकट खिडकीत, ब्रशांशेजारी ठेवली.