जाळीच्या बिस्किटांचा साचा

मी, मालनबाई सहादू पगारे, वय एकसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार नाशिक रोड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा त्यांच्याविषयी विचारत नाही.

१. दोन खोल्यांचे राहते घर व पोस्टातील शिल्लक मुलगा खंडेराव याला मिळावी. मागच्या दारचा शेवगा त्याने तोडू नये.

२. शिलाई मशीन सून लता हिला. ते मधूनच दोरा तोडते, हे तिला ठाऊक आहे.

३. जाऊ सिंधुबाई हिने १९७४ साली बिस्किटांनी भरून नेलेला पत्र्याचा डबा तिच्याकडेच राहावा. "अंड्याचा वास येतो," असे म्हणत तिने सगळी संपवली होती. डबा कोणी मागू नये.

४. लांब दांड्यांचा लोखंडी साचा मुलगी मैना, राहणार देवळा, हिला मिळावा. याचे कारण लिहिणे भाग आहे.

हा साचा मी शिकले त्या कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरातील इटालियन सिस्टर रोझेत्ता यांनी मला लग्नात दिला. मैदा, अंडी, साखर, लोणी आणि बडीशेप यांचे पीठ नक्षीच्या दोन चकत्यांत दाबून स्टोव्हवर धरायचे. एक बाजू होईपर्यंत मरियेची प्रार्थना म्हणायची, उलटून पुन्हा तीच. त्यांच्या गावी घड्याळ न बघता असेच भाजत. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली, तेव्हापासून मी त्रिशरण म्हणू लागले. दर बुद्धपौर्णिमेला आमचे यजमान पीठ ओतीत, मी साचा धरी, मुले मोठ्याने म्हणत.

१९७८ साली मैनाने देवळ्याच्या एका कांदेवाल्या शेतकऱ्याच्या मुलाशी नोंदणी लग्न केले. पुढच्या पौर्णिमेला ती आली आणि साचा धरून म्हणू लागली. मी म्हटले, "तिकडे सत्यनारायण घालतेस आणि इथे त्रिशरण?"

"आई, तू तरी मरियेचं सोडून हे धरलंसच ना? बिस्किट बदललं का?"

मी तिच्या हातून साचा काढून घेतला. आतले बिस्किट जळाले. यांनी थांबवले, तरी ती थांबली नाही. पुढे यांच्या अंत्यविधीला आली, पण माझ्याशी बोलली नाही. साचा सात वर्षे फडक्यात गुंडाळलेला आहे.

तिचे म्हणणे बरोबर होते. हे तिला माझ्या पश्चात कळावे.

वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. शेजारचे सावळीराम म्हणाले, "बाई, हे पोरीला सांगायचं कुणी? खंडेरावानं? त्यो तर आलेलं पाकीट आठ-आठ दिवस फोडत नाय."

त्यांच्या पत्नी भागीबाई म्हणाल्या, "आन् एक पीठ ओतणार, एक धरणार. एकटी पोर काय करंल त्या लोखंडाचं?"

सबब कलम ४ रद्द. शुक्रवारी पौर्णिमा आहे. गुरुवारी सकाळच्या एस.टी.ने साचा मी स्वतः देवळ्याला नेत आहे. अंडी, मैदा तिथे मिळेल. बडीशेप पिशवीत घातली आहे. भाजताना काय म्हणायचे ते मैनाने ठरवावे. साचा तिने धरावा, पीठ मी ओतीन.

बाकी कलमे कायम.

सही: मालनबाई सहादू पगारे
साक्षीदार: १. सावळीराम गोटीराम जाधव (सही)
२. भागीबाई सावळीराम जाधव (अंगठा)

नाशिक रोड, रविवार, १८ मे १९८६