वाकडा शिक्का

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. पदवीधर झालेलं तुम्ही मला पाहिलंच नाही. जपानातल्या मोठ्या भूकंपानंतर दोन वर्षांनी मी टोकियोत एका जर्मन बँकेच्या शाखेत लागले. इथे अजून प्रत्येक टेबलाखाली हेल्मेट टांगलेलं असतं. बँकेच्या वर्धापनदिनासाठी तिचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी हरखले. जहाजं, रेल्वे, पहिलं महायुद्ध, इथवर सगळं सोपं होतं. मग जर्मनीहून आलेल्या कागदांत एक यादी सापडली: ज्यू म्हणून कामावरून काढलेली माणसं. त्यात एक तुमच्यासारखाच कचेरीतला शिपाई होता. नावापुढे नुसती बरोबरची खूण. मी त्या माणसांवर पूर्ण पान लिहिलं. माझ्या जपानी साहेबांनी ते काढून एकच ओळ ठेवली: 'बँकेने कठीण काळही पाहिला.' "समारंभात पाहुण्यांच्या हातात हे कसं द्यायचं?" ते मऊ आवाजात म्हणाले.

आठवतं, बाबा? मी सातवीत आहे. तुम्ही स्वयंपाकघरात भाकरी चुरताय. न पाहिलेल्या पंचनाम्यावर पंच म्हणून सही केली नाहीत, म्हणून तुमची तालुक्याबाहेर बदली झालीय. आई विचारतेय, "केली असती तर काय बिघडलं असतं?" मीही फणकारते, "सगळेच करतात!" तुम्ही मान वर न करता म्हणता, "मग जा, विचार त्यांना, काय लिहिलं होतं त्यात."

इथे मसुदा टेबलावरून टेबलावर फिरतो आणि प्रत्येकजण त्यावर आपल्या नावाचा छोटा लाल शिक्का मारतो. नाही म्हणायचं धैर्य मला झालं नाही. व्हिसा या नोकरीवर आहे. म्हणून मी शिक्का मुद्दाम वाकडा मारला, डावीकडे कललेला. वाटलं, कुणीतरी विचारेल, मग सांगेन.

साहेब कागद घेऊन स्वतः आले. "हे कुणी शिकवलं तुला? आमच्या नव्या मुलांनाही येत नाही!" शेजारच्या बाई हसल्या, "बघा, तुमच्या शिक्क्यापुढे हिचा कसा वाकून उभा आहे!" वरिष्ठांच्या शिक्क्याकडे आपला झुकवायचा, ही इथली अदब. मला तेव्हा कळलं. खरं काय ते तेव्हा तरी सांगायचं होतं. मी आभार मानले.

पुस्तिका छापून आली. शेवटच्या पानावर माझं नाव आहे. आईला फोटो पाठवला, तिनं तो साऱ्या गल्लीला दाखवला. गाळलेल्या पानाबद्दल मी तिला काही बोलले नाही. हे पत्रही वहीतच राहील. पण बाबा, गल्लीत कोणी माझं काय कौतुक केलं ते ती फोनवर सांगत होती, तेव्हा मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं.