घरचं पान जागं ठेवताना

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुझी तब्येत, झोप आणि जेवणाच्या वेळा जागेवर आहेत असं धरून चालतो (नसणार, पण आईला तसंच सांगितलंय). मेसेज केला की तुझा नुसता अंगठा येतो, म्हणून वेबसाइट का उघडत नव्हती हे कळवायला शेवटी कागद-पेन घेतलं. बाबा अजून हसतायत.

त्याचं असं झालं. तुझा दिवस ती आमची रात्र, फोनची वेळ जुळत नाही, म्हणून मी ‘घरचं पान’ बनवलं. घरातल्या प्रत्येकानं रोज एक ओळ लिहायची, एखादा फोटो टाकायचा, तू सवडीनं बघायचं. माझ्या लॅपटॉपवर ते झकास चाललं. क्लाउडवर, म्हणजे कुठल्यातरी लांबच्या परक्या कॉम्प्युटरवर चढवलं आणि आडवं पडलं. आधी पोर्टचा घोळ: माझं ॲप मागच्या दारात स्वागताला उभं, आणि होस्टिंगवाले (त्या कॉम्प्युटरचे मालक) पाहुण्यांना पुढच्या दारात आणून सोडतायत. ते दार जुळवलं तर फोटो गायब. आईनं चष्मा लावून एकेक फोटो चढवायचा (त्यात तुझ्या खोलीच्या खिडकीचेच जास्त, सगळे सारखे), मी एखादी दुरुस्ती वर पाठवायची, की तिकडची डिस्क कोरी. “लांबचाच तो,” आई म्हणाली, “त्याला कुठली माया!” मग ऑफिसातल्या दाढीवाल्याच्या हातापाया पडून फोटोंसाठी वेगळी, कायमची जागा केली.

राहिली झोप. तो लांबचा सर्व्हर फुकटातला, थोडा वेळ कोणी फिरकलं नाही की आडवा होतो आणि उठवल्यावर डोळे चोळत मिनिटभर घालवतो. तेवढ्यात तू “नाही रे उघडत” म्हणून मोकळी. हे मी आईला समजावून सांगितलं, ही घोडचूक. तेव्हापासून रोज संध्याकाळी, तुझ्या उठायच्या सुमाराला, भाजी चिरता चिरता ती ओल्या बोटानं सारखं पान उघडते. का, तर “पोर दाराशी यायची आणि कुलूप बघून परत जायची.” आता त्याला आपोआप जागं ठेवायची सोय मी केली आहे. आईला म्हटलं, तू नको त्रास घेऊस. म्हणाली, “तुझं असू दे, माझंही असू दे.”

बाबांचे आशीर्वाद. आईचे वेगळे लिहीत नाही, पत्रभर तेच आहेत.

तुझा,
धाकटा

ता. क. पान आता चटकन उघडतं. तुझ्या ओळीची जागा रिकामी आहे. ‘जेवले’ एवढं लिहिलंस तरी घर दिवसभर खूश राहील.

आणखी ता. क. आईनं पत्र वाचलं. म्हणते, ओळबीळ राहू दे, या खेपेला सुट्टी मिळाली की सरळ निघून ये म्हणावं.

शेवटचा ता. क. आता म्हणते, वरचं खोड, ती कामात असेल, उगाच जिवाला घोर. मी खोडत नाही. खाडाखोडीचं पत्र बरं दिसत नाही आणि घरात दुसरा कागद नाही, असं तिला सांगितलंय. कागद ढीगभर आहेत.